348 कार्डांतून 60: फोंड्यातल्या एका डेकचा हिशेब

"मामा, माझ्याकडे चारिझार्ड ईएक्स आहे. तरी मी हरतो कसा?"

जुलैतला रविवार. बाहेर पाऊस असा कोसळत होता की ताईच्या फोंड्याच्या घरात दुपारी दीड वाजता दिवे लावून बसलो होतो. भाचा बारा वर्षांचा, आणि चारिझार्ड ईएक्स हे त्याचं सगळ्यात तगडं पोकेमॉन कार्ड. पणजीत महिन्यातून एकदा एका कॅफेच्या मागच्या खोलीत पंधरावीस जण पोकेमॉन कार्डांचा खेळ खेळायला जमतात. शाळकरी पोरं, कॉलेजवाले, एकदोन माझ्या वयाचे नोकरदारही. हा तिथे दोनदा जाऊन आला होता. आठ डाव खेळला, आठही हरला. पुढच्या खेपेला तीन आठवडे होते आणि ताईने स्वयंपाकघरातूनच निकाल देऊन टाकला होता: या कार्डांवर आता एक रुपया मिळणार नाही, गणपतीची चवथ होईपर्यंत तर नाहीच.

तर प्रकरण एवढंच. जे डब्यात आहे त्यातून 60 कार्डांचा, निदान लढत देईल असा डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधायचा. खरेदी बंद. अदलाबदल चालेल.

मला हा पेच नवा नव्हता. पुण्यात शिकताना मी 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळायचो. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि 1993 साली बाजारात आलेला हा खेळ म्हणजे अशा सगळ्या खेळांचा मूळपुरुष. त्यात एक प्रकार असा असतो की प्रत्येकाने सहा सीलबंद पाकिटं फोडायची आणि जे निघेल त्यातूनच 40 कार्डांचा डेक तिथल्या तिथे बांधायचा. मनासारखं कार्ड निघालं नाही म्हणून कुरकुरणारा तिथे टिकत नाही, कारण कुणाच्याच पाकिटात मनासारखं निघालेलं नसतं. पोकेमॉनचा कार्ड-खेळ 1996 साली जपानात सुरू झाला. नियम निराळे, पण अपुऱ्या मालातून डेक बांधायची रीत फारशी निराळी नाही. त्या रीतीवर माझा भरवसा होता. भाच्याचा नव्हता, आणि त्याचंही काही चूक नव्हतं: मी पोकेमॉनचे नियम त्याच्याकडूनच शिकत होतो.

डबा

फराळाचा मोठा स्टीलचा डबा. सगळी कार्डं चटईवर ओतली आणि मोजली. 348.

पहिलं काम अप्रिय होतं. यातली सोनेरी, नखाने खरवडली तर वर्ख निघेल अशी कार्डं जत्रेतल्या एका फळीवरून आली होती, आणखी काही शाळेतल्या अदलाबदलीत. ती खोटी आहेत हे त्याला आतून माहीत होतं, पण कुणी तोंडावर म्हटलेलं नव्हतं. खऱ्या कार्डाच्या दोन कागदांमध्ये काळसर थर असतो. मोबाइलचा टॉर्च मागे धरला तर खरं कार्ड उजेड बराच अडवतं, खोटं कंदिलासारखं उजळतं. मागची निळाई फिकट, अक्षरं जाडीबारीक, पोकेमॉनच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या ई अक्षरावरची तिरकी मात्रा गायब, ह्याही खुणा आहेतच. शेवटी त्याने स्वतःच एक सोनेरी कार्ड उचललं, माझ्याकडे बघितलं आणि टर्रकन फाडलं. आत पांढराशुभ्र पुठ्ठा. एकूण 61 कार्डं बाजूला गेली. शेजारच्या पहिलीतल्या मुलाला ती दुसऱ्या दिवशी मिळाली आणि तो महिनाभर राजा होता.

उरली 287. त्यात 183 पोकेमॉन म्हणजे लढणारे, 58 ट्रेनर म्हणजे मदतीची कार्डं आणि 46 मूळ एनर्जी म्हणजे हल्ल्याचं इंधन.

दुसरी अडचण गोव्याच्या हवेची. फॉइलची चमकणारी कार्डं दमट हवेत वाकतात, कारण कागद ओल पितो आणि वरचा वर्ख पीत नाही. जुलैत फोंड्यात ती पापडासारखी होतात. दिसायला वाईट हा भाग सोडा. पिसलेल्या गठ्ठ्यात एकच कार्ड कमानीसारखं उभं राहिलं तर पालथं असतानाही ओळखू येतं, आणि ती फसवणूक ठरते, तुमच्या मनात असो वा नसो. चपलांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या डब्यात टाकल्या, वाकलेली कार्डं जाड शब्दकोशाखाली दाबली आणि एकाच रंगाची 60 कव्हरं माझ्या जुन्या मॅजिकच्या सामानातून काढून दिली. ताईच्या अटीत मामाचं जुनं सामान बसतं की नाही यावर थोडा वाद झाला. बसतं असं ठरलं.

चारिझार्ड का येत नव्हता

त्याचा जुना डेक मी जसाच्या तसा मांडून बघितला. 18 पोकेमॉन, 18 ट्रेनर, 24 एनर्जी. पोकेमॉनांत दोन चारमँडर, एक चारमेलियन, एक चारिझार्ड ईएक्स, आणि चौदा वेगवेगळे बेसिक, म्हणजे थेट मैदानात उतरवता येणारे पोकेमॉन, प्रत्येकी एक. "सगळे स्ट्राँग आहेत," असं स्पष्टीकरण. एनर्जी चार रंगांच्या, कारण आगीच्या सबंध डब्यात पाचच होत्या.

खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. डेक बरोबर 60 कार्डांचा. एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं, फक्त मूळ एनर्जीला ही मर्यादा नाही. सुरुवातीला हातात सात कार्डं, सहा कार्डं प्राइझ म्हणून पालथी बाजूला. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की एक प्राइझ उचलायचं, ईएक्स पाडला तर दोन. सहाही ज्याची आधी उचलून होतील तो जिंकला. समोर एक ॲक्टिव्ह पोकेमॉन लढतो, मागे बेंचवर जास्तीत जास्त पाच बसतात. दर टर्नला एक कार्ड ओढायचं, हातातून एकच एनर्जी जोडायची, ट्रेनरांतला सपोर्टर एकच खेळायचा. आयटम कितीही.

आता चारिझार्ड ईएक्सकडे बघा. 330 एचपी, म्हणजे तेवढा मार बसल्यावरच पडतो, मैदानात उतरताना डेकमधून तीन आगीच्या एनर्जी स्वतः खेचून आणतो, 180 पासून पुढे मारतो. पण तो दुसऱ्या टप्प्याचा. आधी चारमँडर, मग चारमेलियन, मग हा. मधली पायरी गाळणारं 'रेअर कँडी' नावाचं कार्ड डब्यात नव्हतं. म्हणजे लवकरात लवकर तिसऱ्या टर्नला. साध्या ओढीवर तोवर तुम्ही दहा कार्डं पाहिलेली असतात. 60 मध्ये एकच चारमेलियन आणि एकच चारिझार्ड असताना ती दोन्ही त्या दहांत असण्याची शक्यता 2.5 टक्के. शिवाय एकुलतं एक कार्ड प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता सरळ सहा भागिले साठ, दहा टक्के.

आकडे पटेनात म्हणून खेळून बघितलं. माझ्या एका तयार डेकविरुद्ध दहा डाव. चारिझार्ड दोनदा उतरला, एकदा प्राइझमध्ये सापडला, सात वेळा डेकच्या पोटातच राहिला. पैकी एका डावात भाचा बेंचकडे आशाळभूतपणे बघत बसला होता आणि हातात पाण्याच्या चार एनर्जी होत्या. त्याची चारिझार्डची स्वप्नं मोडायला मला आनंद होत नव्हता, पण दहाव्या डावानंतर त्यानेच ते कार्ड उचलून कठीण प्लास्टिकच्या खोळीत घातलं आणि अभ्यासाच्या टेबलावर उभं केलं. "हा इथेच बरा."

नावं मोजू नये, कामं मोजावीत

जालावर जिंकणाऱ्या डेकच्या याद्या मिळतात. चार अमुक, चार तमुक, सगळे आकडे गुळगुळीत. आपल्या डब्यात त्यातलं एकेक, फार तर दोन. यादी बघून मुलं हताश होतात आणि 'पैसे नाहीत म्हणून जमत नाही' या निष्कर्षावर येतात. माझं म्हणणं असं की त्या यादीतली नावं सोडून द्या, त्या चार कार्डांचं डेकमध्ये काम काय ते बघा, आणि तेच काम करणारी आपल्याकडची सगळी कार्डं एका ढिगात टाका.

आम्ही चटईवर ढीग केले. पोकेमॉन शोधून आणणारी कार्डं एका ढिगात: नेस्ट बॉल तीन, बडी-बडी पॉफिन दोन, बग कॅचिंग सेट तीन, ग्रेट बॉल दोन, अल्ट्रा बॉल एक, पोके बॉल तीन. एकूण 14. एकाही नावाची चार नाहीत, पण ढीग 14 चा आहे. सुरुवातीच्या सात कार्डांत एखाद्या नावाच्या चारपैकी निदान एक असण्याची शक्यता 40 टक्के असते, चौदापैकी निदान एक असण्याची 86 टक्के. हा आकडा बघून भाच्याने पहिल्यांदा कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

इथे या आकड्यावर थोडं पाणी ओतणं भाग आहे. सगळे बॉल सारखे नसतात. नेस्ट बॉल बेसिक पोकेमॉन थेट बेंचवर बसवतो. अल्ट्रा बॉल कुठलाही पोकेमॉन देतो, पण हातातली दोन कार्डं टाकायला लावतो. पॉफिन 70 किंवा त्याहून कमी एचपीचे दोन बेसिक एकदम आणतो, गरिबाच्या डेकला त्याच्यासारखा दाता नाही. बग कॅचिंग सेट वरची सात कार्डं बघून त्यातले गवत प्रकारचे पोकेमॉन आणि गवताची एनर्जी मिळून दोन उचलू देतो. आणि पोके बॉल? नाणं उडवायचं, छापा आला तर शोधा. म्हणून आम्ही तीन पोके बॉल दीड धरले. 14 म्हणजे खरे साडेबारा.

दुसरा ढीग हात भरणाऱ्या सपोर्टरांचा. प्रोफेसर्स रिसर्च दोन (हात टाका, सात ओढा), निमोना तीन (तीन ओढा), यंगस्टर दोन (हात डेकमध्ये मिसळा, पाच ओढा), आयोनो एक, जज एक. बॉसेस ऑर्डर्स एक, पण ते हात भरत नाही, समोरच्याच्या बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढतं. तरी सपोर्टर म्हणून इथेच. एकूण दहा. निमोनाला कुणी विचारत नाही, पाकिटात निघाली की पोरं तोंड वाकडं करतात. आमच्या डेकमध्ये ती सगळ्यात राबली.

घुमटवाला

आता लढणार कोण, हे ठरवायला मी एनर्जीपासून सुरुवात केली. 46 पैकी पाण्याच्या 11, गवताच्या दहा, बाकी पाच-सहा-सात अशा विखुरलेल्या. म्हणजे डेक पाण्याचा किंवा गवताचा. पाण्याचे पोकेमॉन पुष्कळ होते, पण पुन्हा तेच: तेरा वेगवेगळे, तेरा दिशांना तोंडं. गवताच्या ढिगात मात्र एक गोष्ट दिसली. गेल्या दिवाळीत त्याला मिळालेली पाकिटं बहुतेक 'ट्वायलाइट मास्करेड' या संचाची होती, जो मे 2024 मध्ये आला. त्यातून चार ॲप्लिन, तीन डिप्लिन, तीन ग्रूकी, एक थ्वॅकी आणि दोन फेस्टिवल ग्राउंड्स निघाली होती. एकाही कार्डाला तो कधी खोळ घालणार नव्हता.

डिप्लिन 80 एचपीचा, कुणीही फुंकर मारली तर पडेल असा. त्याचा हल्ला गवताच्या एका एनर्जीत होतो: आपल्या बेंचवर जितके पोकेमॉन तितके वीस. पाच बसले असतील तर शंभर. पण त्याच्या अंगी 'फेस्टिवल लीड' आहे: मैदानात फेस्टिवल ग्राउंड्स हे स्टेडियम, म्हणजे दोघांसाठी मांडून ठेवायचं जागेचं कार्ड, असेल तर तो एका टर्नला दोनदा मारू शकतो. दोनशे, एका एनर्जीत, एका प्राइझच्या पोकेमॉनकडून. समोरच्याला सहा डिप्लिन पाडावे लागतात, आपल्याला तीन ईएक्स.

थ्वॅकी हे ढोल बडवणारं माकड. पुढे फेस्टिवल लीडवाला पोकेमॉन असेल तर थ्वॅकी दर टर्नला डेकमधून कुठलंही एक कार्ड शोधून हातात देतो. कुठलंही! रमीत जोकर येतो तसा हा दर टर्नला. फेस्टिवल ग्राउंड्स दोनच आहेत, बॉसेस ऑर्डर्स एकच आहे, हे सगळं उणेपण थ्वॅकी झाकतो. भाच्याने त्याला लगेच 'घुमटवाला' (घुमट म्हणजे गोव्याचं मातीचं तालवाद्य) नाव दिलं आणि स्टेडियमला 'जत्रा'. पुढचे तीन आठवडे घरात "जत्रा भरली, घुमटवाला बसला, आता मारतो" अशी वाक्यं ऐकू येत होती आणि आजी देवघरातून विचारायची, कुठली जत्रा रे या पावसात?

एका थ्वॅकीवर डेक उभा करणं म्हणजे पुन्हा चारिझार्डचीच गोष्ट. दुसरा त्याने वर्गातल्या मित्राकडून आणला, बदल्यात फॉइलचा पिकाचू देऊन. बाजारभावाने बघितलं तर तोट्याचा सौदा. मी गप्प बसलो, कारण तो पिकाचू दोन वर्षं डब्यात झोपून होता.

शेवटची यादी अशी झाली. ॲप्लिन चार, डिप्लिन तीन, ग्रूकी तीन, थ्वॅकी दोन, डनस्पार्स दोन, डुडनस्पार्स एक, टाटसुगिरी एक, आणि बेंच भरायला गवताचे आणखी दोन बेसिक: 18 पोकेमॉन, त्यातले 12 बेसिक. शोधणारी 14, सपोर्टर दहा, स्विच तीन, सुपर रॉड एक, फेस्टिवल ग्राउंड्स दोन, एनर्जी परत आणणारं एक, शोधणारं एक, आणि घरात होत्या तेवढ्या गवताच्या दहा एनर्जी. साठ. बारा बेसिक असले तर सुरुवातीच्या हातात एकही न येण्याची शक्यता 19 टक्के. तसं झालं की हात दाखवून पुन्हा पिसायचं आणि समोरच्याला एक कार्ड जास्त ओढू द्यायचं. जरा जास्तच वाटले ते 19, पण मी ते तिथेच सोडले. बेसिक कमी असणं कुठे महागात पडेल हे तेव्हा कळलं नाही.

डुडनस्पार्सबद्दल आधीच सांगतो, कारण पुढे त्याच्याच पायी सगळं झालं. त्याची करामत: तीन कार्डं ओढा, मग तो स्वतः अंगावरच्या कार्डांसकट डेकमध्ये परत जातो. हात रिकामा असताना देवासारखा.

पणजी

कदंबच्या बसने निघालो, डेक टिफिनच्या डब्यात, डबा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. कॅफेत कुठल्या काळाची कार्डं चालतील याचा फार कीस काढत नाहीत. अधिकृत स्पर्धेत कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातलं अक्षर बघून जुनी कार्डं बाद करतात. चार फेऱ्या होत्या.

पहिली जिंकला, सहज. दुसरी हरला, कारण समोरच्याने स्वतःचं स्टेडियम टाकून आमची जत्रा दोनदा उठवली. नवं स्टेडियम आलं की जुनं रद्दीत जातं, सुपर रॉड फक्त पोकेमॉन आणि मूळ एनर्जी परत आणतो, आणि आमच्याकडे तिसरी जत्रा नव्हती. एकदाच मारणारा डिप्लिन म्हणजे बिनमोटारीची होडी.

तिसऱ्या फेरीत पर्वरीहून आलेला कॉलेजचा मुलगा. त्याने दुसऱ्याच टर्नला रेअर कँडी लावून चारिझार्ड ईएक्स उतरवला. तेच कार्ड, जे घरी टेबलावर उभं होतं. भाच्याचे कान लाल झाले.

डाव मात्र चांगला चालला. पुढच्या काही टर्नांत भाच्याने चार प्राइझ उचलली, दोन डिप्लिनसकट पाच पोकेमॉन गमावले. त्याला दोन प्राइझ हवी होती, समोरच्याला एकच. समोर दुसरा ताजा चारिझार्ड, अंगावर एकही ओरखडा नाही, 330. आणि इथे या डेकचं नशीब उघडलं होतं, कारण या चारिझार्डची कमजोरी गवत. गवताचा मार दुप्पट लागतो. जत्रा भरलेली. पुढे शेवटचा डिप्लिन, एनर्जी जोडलेली. बेंचवर ॲप्लिन, ग्रूकी, थ्वॅकी, टाटसुगिरी, डुडनस्पार्स. पाच.

पाच गुणिले वीस शंभर, दुप्पट दोनशे, दोनदा चारशे. चारिझार्ड पडला, दोन प्राइझ, डाव खल्लास. त्याने फक्त "मारतो" म्हणायचं होतं.

मी मागच्या खुर्चीवर बसून चहाच्या कपाकडे बघत राहिलो. बोलायची परवानगी नसते.

त्याने निमोना आधीच खेळली होती. मग घुमटवाल्याने बॉसेस ऑर्डर्स शोधून आणलं. या टर्नला दुसरा सपोर्टर खेळता येत नाही. ते पुढच्या टर्नसाठी, 'असू दे हाताशी'. मग, अजून काही हाताशी असावं म्हणून, डुडनस्पार्सकडे बोट गेलं. तीन कार्डं ओढली: दोन गवताच्या एनर्जी आणि सुपर रॉड. डुडनस्पार्स डेकमध्ये गेला, गठ्ठा पिसला. बेंचवर चार.

पहिला मार: चार गुणिले वीस ऐंशी, दुप्पट 160. समोरच्याने मार मोजायचे फासे मांडले. दुसरा मार: 160. फासे पुन्हा मांडले, बोटाने मोजले. 320. चारिझार्डच्या अंगात दहा एचपी उरले होते.

भाच्याने बेंचकडे बघितलं, मग रिकाम्या पाचव्या जागेकडे. हातात बॉल नव्हता, बेसिक नव्हता, घुमटवाला वाजवून झाला होता. पुढच्या टर्नला चारिझार्डने शेवटचा डिप्लिन जाळला. समोरचा मुलगा चांगला निघाला, हात मिळवून म्हणाला, "आधी बेंच मोज रे, मग ओढ."

चौथी फेरी जिंकला. तिचं त्याला काही आठवत नाही.

बसमध्ये

परतीच्या बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर तो डाव पुन्हा मांडला. मी सुरुवातीला सगळा दोष डुडनस्पार्सवर टाकला: ज्या डेकचा मार बेंच भरलेला असण्यावर आहे त्यात स्वतःहून बेंच सोडणारा पोकेमॉन ठेवायचाच कशाला? काढ तो. भाचा ऐकेना. त्याचं म्हणणं, डावाच्या सुरुवातीला हात रिकामा असताना त्याच्याइतकं कामाचं डब्यात दुसरं काही नाही. चूक पोकेमॉनची नाही, क्रमाची आहे. आणि तो बरोबर होता. त्याने आधी डुडनस्पार्सने ओढलं असतं आणि घुमटवाला शेवटी वापरला असता, तर नेस्ट बॉल शोधून पाचवी जागा भरता आली असती. कुठलंही कार्ड आणून देणारा शोध आधी खर्च केला आणि नशिबाची ओढ नंतर केली, तिथे डाव गेला. ओढल्यावर काय कमी आहे ते कळतं, मग शोधावं. हे मला मॅजिकपासून माहीत होतं आणि तीन आठवड्यांत एकदाही त्याला सांगितलं नव्हतं. मी त्याला डेक बांधून दिला, चालवायला शिकवलं नाही. बेंच मोजायची गोष्ट तर सरावात आलीच नव्हती, कारण माझ्या डेकमध्ये 330 एचपीचं काही नव्हतं, दोनशेत सगळं पडायचं.

डेकमध्ये बदल एकच झाला. एक पोके बॉल बाहेर, एक बेसिक पोकेमॉन आत. नाण्यावर अवलंबून अर्धा शोध गेला, बेंच भरणारं एक माणूस वाढलं. बेसिक 13 झाले, पहिल्या हातात एकही न येण्याची शक्यता 19 वरून 16 टक्क्यांवर आली. ह्या बदलाचं सुचणं त्याचं, आकडा माझा. खोळीच्या आतल्या बाजूला त्याने चिठ्ठी चिकटवली आहे: ओढ, मोज, शोध, मार.

तिसरं फेस्टिवल ग्राउंड्स अजून मिळालेलं नाही, आणि ते मिळाल्याशिवाय स्टेडियम बदलणाऱ्यापुढे हा डेक उघडाच आहे. पर्वरीच्या मुलाकडे एक जास्तीचं आहे. सोबत चौथा डिप्लिन आणि तिसरा थ्वॅकीही द्यायला तो तयार आहे. बदल्यात त्याला टेबलावरचा चारिझार्ड ईएक्स हवा आहे. बाजारभावाने हा सौदा हास्यास्पद आहे. खेळाच्या हिशेबाने तितका नाही. भाच्याने मला विचारलं, मी उत्तर दिलं नाही. ताईला विचारलं तर ती म्हणाली, पैसे लागत नाहीत ना, मग तुझं तू बघ. चारिझार्ड आज सकाळपर्यंत तरी टेबलावरच उभा होता.